मास्तर व्हावंसं का वाटतं? सीमाभागातल्या वर्गांतून शोधलेलं उत्तर

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांत मधल्या सुट्टीच्या गप्पांचा विषयच बदलून गेला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, झालेली नाही, त्यांनी दोन वर्षांत ती पास व्हावी, नाहीतर नोकरी सोडावी, असं न्यायालयानं सांगितलं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना सूट मिळाली, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच. खटला महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून गेला होता. निकाल देशभर लागू झाला. अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांचं काय, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे आणि भाषिक अल्पसंख्याक म्हणून इथल्या मराठी संस्थाही त्याकडे डोळे लावून आहेत. वीस-पंचवीस वर्षं हातात खडू धरलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसायचं म्हटल्यावर पोटात गोळा येणारच.

ही चर्चा घराघरांत पोहोचली तेव्हा तिला वेगळंच वळण लागलं. पीयूसी, म्हणजे बारावी, झालेल्या मुलींच्या आया विचारू लागल्या, "एवढं सगळं करून टीचर व्हायचंच कशाला गं?" प्रश्न वैतागून विचारलेला असला तरी खरा आहे. दोन वर्षांचं प्रशिक्षण, मग पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट, मग बदल्या, आणि आपल्या भागात वर भाषेचा गुंता. तरीही दरवर्षी काही मुलंमुली हीच वाट धरतात. ती का धरतात, यावर जगभर बराच अभ्यास झाला आहे. तो आपल्या भागाला लावून पाहिला की एका व्यक्तीच्या आवडीनिवडीपेक्षा बरंच काही दिसतं. मराठी शाळांचं पुढे काय होणार, याचाही अंदाज त्यातून येतो.

टीईटी काय तपासते

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरवली आणि तीत टीईटी आली. परीक्षा १५० गुणांची. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. पास व्हायला ६० टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं. २०२१ पासून ते आयुष्यभर चालतं.

विषय येतो का, आणि मूल कसं शिकतं याची जाण आहे का, एवढं ही परीक्षा तपासते. ते तपासायलाच हवं. ज्याला स्वतःला भागाकार नीट समजला नाही, तो चौथीच्या मुलाला काय समजावणार? पण हाच माणूस पुढची तीस वर्षं वर्गात मन लावून उभा राहील का, हे पेपरावरून कळत नाही. ते कळायला त्याच्या स्वतःच्या शाळेपर्यंत मागे जावं लागतं.

ओढ येते कुठून

शिक्षक होण्याची कारणं अभ्यासक साधारण तीन गटांत मांडतात. एक आतली: शिकवायला आवडतं, विषय आवडतो, मुलांत जीव रमतो. दुसरी इतरांसाठीची: आपल्या गावची, आपल्या भाषेची मुलं पुढे जावीत. तिसरी बाहेरची: पगार, सुट्ट्या, घराजवळची नोकरी, लग्नाच्या बाजारात 'सरकारी आहे' म्हणून मिळणारं वजन.

ऑस्ट्रेलियातले संशोधक हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन यांनी २००७ मध्ये ही कारणं मोजणारी एक प्रश्नावली मांडली आणि पुढे ती बऱ्याच देशांत वापरली गेली. त्यांच्या पाहणीत, शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी सर्वांत वर ठेवलेली कारणं होती 'मला हे जमेल' हा विश्वास, शिकवण्याची आवड, समाजाच्या उपयोगी पडण्याची इच्छा आणि लहानपणी भेटलेले चांगले शिक्षक. 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून' हे कारण अगदी तळाला होतं. विकसनशील देशांतल्या पाहण्यांत पगार आणि नोकरीची शाश्वती बरीच वर सरकते. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमिनीवर पाच माणसं जगतात, त्या घरच्या मुलानं शाश्वतीचा विचार आधी केला तर त्यात वावगं काही नाही.

या यादीतल्या 'मला हे जमेल' या विश्वासाकडे नीट पाहायला हवं. अमेरिकेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या विश्वासाची उकल केली. तो नुसत्या कौतुकानं येत नाही. तो येतो मुख्यतः ते काम स्वतः थोडंसं करून पाहिलं आणि ते जमलं, यातून. त्याखालोखाल, आपल्यासारखाच कुणीतरी ते करताना दिसला, यातून. म्हणजे खानापूरच्या मुलीला शिक्षिका व्हावंसं वाटायचं असेल, तर खानापूरचीच एखादी शिक्षिका तिच्या डोळ्यांसमोर असणं आणि तिला स्वतःला लहानपणीच कुणालातरी काहीतरी शिकवून पाहता येणं, या दोन गोष्टी 'शिक्षक हा समाजाचा कणा' या विषयावरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतात.

तेरा हजार तास

डॉक्टरचा धंदा बाहेरच्यांना फारसा दिसत नाही. वकिलाचा तर नाहीच. शिक्षकाचं काम मात्र प्रत्येकानं लहानपणापासून रोज पाहिलेलं असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हिशोब मांडला: शालेय शिक्षण संपेपर्यंत एक विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना काम करताना पाहतो. याला त्यांनी निरीक्षणातून होणारी उमेदवारी म्हटलं. सुताराकडे पोरगा कामाला लागला की आधी काही वर्षं बघत राहतो, तसं आपण सगळेच शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केलेले आहोत.

लॉर्टींनी याच्या पुढचंही सांगून ठेवलं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. विद्यार्थ्याला शिक्षक फक्त समोरून दिसतो. आदल्या रात्री केलेली तयारी दिसत नाही. हा धडा आधी की तो, या पोराला आज प्रश्न विचारायचा की सोडून द्यायचं, असे मनात घेतलेले निर्णय दिसत नाहीत. त्यामुळे नवा शिक्षक वर्गात गेला की नकळत आपल्या जुन्या मास्तरांसारखाच वागू लागतो. चांगलं तेही उचलतो, वाईट तेही. 'आम्हालाही मार खाऊनच पाढे आले' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालतं ते याच वाटेनं. प्रशिक्षणाचं अर्धं काम नवं शिकवण्याचं असतं. उरलेलं अर्धं, या उमेदवारीत अंगी मुरलेलं काय टाकून द्यायचं, ते दाखवण्याचं.

एका वर्गात पाहिलेलं

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगडच्या जंगलाच्या कडेला, लहान लहान मराठी शाळा आहेत. पावसाळ्यात तिथे ओढे भरले की वाट बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वर्ग पाच आणि शिक्षक दोन, म्हणजे प्रत्येकाकडे एका वेळी दोन-तीन वर्ग. त्यातला एक जण तालुक्याला बैठकीला गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात.

अशाच एका दिवशी पाहिलेली गोष्ट. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांची रांग. सर व्हरांड्यात चौथी-पाचवीला गणित घालून देत होते. आत पाचवीतली एक मुलगी पहिलीच्या चार पोरांना अक्षरांची कार्डं घेऊन बसली होती. त्यातला एक पोरगा 'ब' आणि 'व' मध्ये पुन्हा पुन्हा चुकायचा. 'बदक'ला 'वदक' म्हणायचा आणि बाकीचे तिघं हसायचे. तिनं आधी दोनदा बरोबर उत्तर सांगून पाहिलं; उपयोग झाला नाही. मग तिनं हसणाऱ्यांना दटावलं, दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि त्याचं बोट धरून म्हणाली, "पोटात रेघ हाय काय बघ. रेघ असली की ब." तो पोरगा बोट अक्षरावरून फिरवत राहिला. पुढचं कार्ड आलं तेव्हा त्यानं आधी पोट तपासलं, मग "बकरी" म्हणाला. पुढचं, "वही". त्या मुलीनं मान वळवून व्हरांड्याकडे बघितलं आणि ओरडली, "सर, ह्याला आलं बघा!"

बांडुरा ज्याला करून पाहणं म्हणतात, ते हे. सांगून चालत नाही असं दिसल्यावर तिनं स्वतः युक्ती शोधली, ती लागू पडली आणि दुसऱ्याच्या डोक्यात उजेड पडताना तिनं पाहिला. हा आनंद एकदा चाखलेल्या सगळ्याच मुली शिक्षिका होत नाहीत. पण शिक्षक झालेल्यांना विचारा, अशी एखादी आठवण बहुतेकांकडे निघते. धाकट्या भावाचा अभ्यास घेतलेला असतो, सर रजेवर असताना वर्ग सांभाळलेला असतो, शेजारच्या पोराला दहावीचं गणित समजावलेलं असतं.

थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची ही रीत आपल्या मातीतलीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्यानं तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली आणि त्यावरून आपल्या शाळेत मुलांकरवीच मुलांना शिकवायची पद्धत बसवली. पुढे इंग्लंडात ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. तरी कुणी याचा अर्थ शिक्षक कमी असलेले बरे, असा काढू नये. त्या मुलीचा स्वतःचा गणिताचा तास त्या दिवशी बुडालाच. शिक्षक पुरेसे असावेत आणि त्यांनी मुद्दाम, ठरवून अशी संधी मुलांना द्यावी, हे योग्य.

"मला तर मारकुटेच मास्तर भेटले"

हा आक्षेप हमखास येतो. चांगला शिक्षक पाहूनच शिक्षक व्हावंसं वाटत असेल, तर वाईट शिक्षक भेटलेल्यांचं काय? त्यांतले बरेच जण या वाटेला फिरकत नाहीत, हे खरं. पण काही जण नेमके त्याच कारणानं येतात. वर्गात ज्याला सगळ्यांसमोर 'ढ' म्हटलं गेलं, ज्याच्या गावठी बोलीची टिंगल झाली, त्याच्या मनात 'मी असं करणार नाही' ही गाठ बसलेली असते. सीमाभागात घरी एक मराठी, पुस्तकात दुसरी, बाजारात कन्नड आणि कचेरीत आणखी वेगळीच कन्नड, अशा चौघींत वाढलेल्या मुलाला शब्द न सापडण्याची लाज ठाऊक असते. असा माणूस शिक्षक झाला की गप्प बसलेल्या पोराकडे त्याचं लक्ष आधी जातं. मात्र रागातून आलेल्या ओढीला प्रशिक्षणाची आणि चांगल्या सहकाऱ्याची जोड लागते. कसं शिकवायचं नाही एवढंच ठाऊक असलं, तर सकाळी वर्गात गेल्यावर करायचं काय?

"सगळे पगारासाठीच होतात"

पगारासाठी होणं वाईट आहे असं मला वाटत नाही. कर्नाटकात सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाल्या आणि राज्य कर्मचाऱ्याचं किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० रुपये झालं. सरकारी शाळेतला कायम शिक्षक घर चालवू शकतो, मुलांना शिकवू शकतो. ही गोष्ट हुशार मुलांना या पेशाकडे आणणारी आहे आणि तशीच ती राहायला हवी.

अडचण आहे ती त्याच शाळेत, शेजारच्याच वर्गात शिकवणाऱ्या अतिथी शिक्षकाची. जागा रिकामी असली की वर्षापुरता हा शिक्षक घेतात. मानधन महिन्याला दहा-बारा हजारांच्या आसपास, तेही शाळा सुरू असेल तेवढेच महिने. उन्हाळ्यात काही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही, याची खात्री नाही. डी.एड., टीईटी झालेली, शिकवायची मनापासून ओढ असलेली मुलं अशी वर्षानुवर्षं काढतात. पाचवीतली मुलं हे सगळं बघत असतात. सर मोटारसायकलीत पेट्रोल टाकायला कुणाकडे तरी हात पसरतात, हेही त्या तेरा हजार तासांत दिसतं. मग त्या मुलांनी इंजिनिअर किंवा पोलीस व्हायचं ठरवलं तर आपण कुणाला दोष देणार?

आतली ओढ आणि बाहेरची कारणं यांचं नातं थोडक्यात असं सांगता येईल: ओढ माणसाला वर्गापर्यंत आणते, पण पोट भरत नसेल तर ती त्याला वर्गात धरून ठेवू शकत नाही. आणि नुसता पगार असला, ओढ नसली, तर माणूस राहतो पण मुलांपर्यंत पोहोचत नाही. कायम शिक्षकांचीही ओढ झिजते, ती शिकवण्याबाहेरच्या कामांनी. २०२५ च्या दसऱ्यात राज्यभरातले सरकारी शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाचे अर्ज भरत दारोदार फिरत होते आणि त्यासाठी शाळांची सुट्टीही वाढवावी लागली. मतदार याद्या, ऑनलाइन नोंदी, आहाराचे हिशोब हे तर बारमाही आहेच.

सीमाभागात साखळी कुठे तुटते

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम ३५० अ आलं: भाषिक अल्पसंख्याक समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्यानं प्रयत्न करावा. सीमांचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. पण ३५० अ मधली 'सोय' म्हणजे शेवटी काय? इमारत, पुस्तकं आणि मराठीतून शिकवणारा माणूस. पहिल्या दोन गोष्टी पैशानं एका वर्षात उभ्या राहतात. तिसरी तशी उभी राहत नाही.

आपल्याकडे भाताची मळणी झाली की खायला आणि विकायला काढण्याआधी पुढच्या सालच्या बियाण्याचं भात वेगळं ठेवतात. साल कितीही ओढगस्तीचं असो, त्या पोत्याला हात लावत नाहीत. मराठी शाळेतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी बहुतेक शेतीला, फौंड्रीत, दुकानात, पुण्या-गोव्याला जातात. एखाददुसरं मूल शिक्षक होऊन परत येतं. ते एखाददुसरं मूल म्हणजे त्या शाळेचं बियाणं. शाळा बंद पडली, किंवा वर्षानुवर्षं अतिथी शिक्षकांवर कशीबशी चालली, की त्या साली फारसं काही बिघडल्यासारखं दिसत नाही. घरात खायला भात असतंच. फरक कळतो पुढच्या पेरणीला. आज पहिलीत बसलेलं मूल शिक्षक व्हायला बारा वर्षं शाळा-पीयूसीची आणि दोन वर्षं प्रशिक्षणाची, अशी किमान चौदा वर्षं जातात. पात्रता परीक्षा आणि भरती त्यापुढे. म्हणजे आज मोडलेल्या वर्गाची खोट २०४० नंतर दिसेल, आणि तेव्हा जाहिरात काढली तरी मराठीतून गणित शिकवणारा माणूस मिळणार नाही.

आपल्या मुलांना शिकवणारं आपलं माणूस असावं, ही तळमळ एकट्या मराठी माणसाची नाही. १९१६ मध्ये, बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, आपल्या समाजातल्या मुलांना शिक्षण मिळावं म्हणून सात शिक्षकांनी इथे एक शाळा काढली. तीच पुढे केएलई ही मोठी शिक्षणसंस्था झाली. कन्नड लोक आजही त्या सात जणांना आदरानं सप्तर्षी म्हणतात. कन्नड शेजाऱ्याला मराठी शाळेचं दुखणं समजावून सांगायची वेळ आली, तर या सात जणांपासून सुरुवात करावी, लगेच पटतं.

"मुलंच येत नाहीत, तर शिक्षक कशाला?"

हा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले आहेत आणि त्यांचा तो हक्क आहे. कर्नाटकाच्या १९९४ च्या धोरणात चौथीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड माध्यम सक्तीचं होतं. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, राज्य ते लादू शकत नाही. तेव्हा सक्तीनं पट वाढणार नाही.

मात्र कारण आणि परिणाम इथे गोल फिरतात. गावात पालकांना विचारलं की बहुतेक वेळा पहिलं उत्तर 'मराठी नको' असं येत नाही. 'तिथं मास्तरच नाही' असं येतं. मास्तर नाही म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून मास्तर मिळत नाही. याउलट जिथे दोन-तीन कायम शिक्षक वर्षानुवर्षं टिकून आहेत, मराठीसोबत कन्नड आणि इंग्रजीही नीट शिकवतात, तिथे लोक मुलांना घालतात. या राज्यात राहणाऱ्या मुलाला कन्नड यायलाच हवं. चांगला मराठी शिक्षक त्याच्या आड येत नाही, उलट पहिली भाषा पक्की असली की दुसरी लवकर येते. साखळी कुठूनतरी जोडायची तर शिक्षकाच्या कडीपासून जोडणं सोपं, कारण ते सरकारच्या आणि संस्थांच्या हातात आहे.

वाट कशी आहे, तेही माहीत असू द्या

ओढ असूनही बरेच जण माहितीअभावी चुकतात. सर्वांत मोठा घोटाळा बी.एड.चा. "पोरीनं बी.एड. केलंय, मग पहिलीला का चालत नाही?" २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरवलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. कारण पटण्यासारखं आहे: सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं हे वेगळं कसब आहे आणि ते डी.एड.मध्ये शिकवतात. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात; आपल्या आधीच्या पिढीनं तेच टीसीएच या नावानं केलं. म्हणून लहान मुलांना शिकवायचं असेल तर पीयूसीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड.; सहावीपासून पुढे शिकवायचं असेल तर पदवी आणि बी.एड.चा विचार करावा. हा निर्णय पीयूसीच्या निकालाआधी घ्यावा, नंतर नाही.

भरतीला वेळ लागतो, याची मनाची तयारी हवी. कर्नाटकात सहावी ते आठवीसाठी १५,००० पदवीधर शिक्षकांच्या भरतीची परीक्षा २०२२ मध्ये झाली. निवड यादी न्यायालयात अडकली आणि नेमणुकांना २०२३ उजाडलं. दुसरी वाट महाराष्ट्राची. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत पंधरा वर्षं वास्तव्य असलेल्यांना तिथल्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. तिथे महाराष्ट्राची टीईटी, त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि मग शिक्षक भरतीचं 'पवित्र' हे सरकारी पोर्टल. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, प्राथमिकला १६,००० रुपये मानधनावर. इथली हुशार मुलं तिकडे गेली तर त्यांचं भलं होतं, पण खानापूरच्या शाळेतली जागा रिकामीच राहते. त्यांना नावं ठेवू नयेत. जागा इथेच वेळेवर भरल्या असत्या तर त्यांतली बरीच गेली नसती.

"शिक्षक जन्मावा लागतो"

असं म्हणणारे आदरानं म्हणतात, पण त्यामुळे नुकसान होतं. बुजरी, हळू बोलणारी मुलं 'आपल्याला ते जमायचं नाही' म्हणून बाजूला होतात. वर्ग गाजवणारा आवाज, हजरजबाबीपणा हे गुण कामाचे असतात, पण ते सरावानंही येतात. मूल कुठे अडलं आहे ते ओळखणं आणि दुसरी युक्ती शोधणं, हे तर शिकूनच येतं. म्हणूनच डी.एल.एड. आणि बी.एड. दोन्हींत वीस आठवड्यांचा प्रत्यक्ष शाळेतला सराव ठेवला आहे.

हा सराव कुठल्या शाळेत होतो, यावर बरंच अवलंबून असतं. प्रशिक्षणार्थी बहुधा कॉलेजजवळच्या शहरी शाळांत जातात. जांबोटी, कणकुंबीकडच्या शाळेत, जिथे एका वेळी तीन वर्ग सांभाळायची वेळ येते, तिथे क्वचितच. गावच्या एसडीएमसीला, म्हणजे पालकांच्या शाळा समितीला, इथे खरोखर काही करता येतं. ठराव करून गट शिक्षणाधिकाऱ्यांना आणि जवळच्या अध्यापक विद्यालयाला पत्र द्यावं, की आमची मराठी शाळा सरावासाठी घ्या. मुलींच्या राहण्याची सोय गावात एखाद्या घरी करू, असं त्यातच लिहावं, कारण बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. पत्र शाळांच्या याद्या ठरण्याआधी गेलेलं बरं.